सोमवारची भाकरी

आमच्या घरात कोलेस्टेरॉल हा शब्द आला तो मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या कागदावर बसून. कागद इंग्रजीत टाइप केलेला होता आणि तो वाचता येणारी घरात मी एकटीच होते. याचा मला तेव्हा गर्व वाटला होता, आज त्या गर्वाची चीड येते. कागद वाचता येऊन मी काय दिवे लावले, तेच सांगायला बसले आहे.

माझं माहेर महाडचं. वडील कोर्टात कारकून होते. त्यांनी मला इंग्रजी पाचवीपर्यंत शिकवलं आणि मग पोलादपूरच्या पुढे, महाबळेश्वरच्या घाटाकडे वळणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात देऊन टाकलं. घर शेतकऱ्याचं, पण मोठ्या शेतकऱ्याचं. कूळकायद्यात निम्मी जमीन कुळांकडे गेली होती. जमीन गेली तरी मान जाऊ द्यायचा नाही असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं, आणि त्यांच्या हिशेबी मान तुपावर चालायचा. गोठ्यात तीन म्हशी होत्या. शिवाय डोंगरावरच्या वाडीतली गुरं राखणारी माणसं दर पंधरवड्याला तुपाचं गाडगं घेऊन खाली यायची आणि भात घेऊन वर जायची. भातावर तूप वाढताना समोरच्यानं 'पुरे' म्हटलं तरी धार थांबवायची नाही, अशी त्या घरची रीत. सुनेचा हात मोकळा की आखडता, यावर तिचं माहेर जोखलं जाई. माझा हात आखडता होता. "कारकुनाची पोर ती, थेंब मोजून वाढायची," हे मी वर्षभर ऐकलं. मग मीही ओतायला शिकले. यजमानांच्या ताटात सहा वर्षं मीच तूप ओतलं, हे आधी कबूल केलेलं बरं.

यजमान तेव्हा अडतीस वर्षांचे होते. उंच, रुंद छातीचे, मोठ्यानं हसणारे. गावात कुणाचं भांडण असलं की त्यांना बोलावणं यायचं आणि ते दोघांनाही बरं वाटेल असं काहीतरी बोलून परत यायचे. बाहेर चार माणसांना गप्प करणारा हा माणूस घरात आईपुढे शब्द काढत नसे. सासूबाई तिशीतच विधवा झाल्या होत्या, दोन मुलगे त्यांनी एकटीनं वाढवले होते. धाकटा मुंबईला गिरणीत गेला. थोरला जवळ राहिला, म्हणून सगळं प्रेम आणि सगळं तूप त्याच्या वाट्याला.

भातकापणीच्या दिवसांत यांच्या छातीत दुखायला लागलं. शेतातून घराकडे यायला एक चढण आहे. त्या चढणीवर मधेच थांबायचे आणि डाव्या खांद्याला हात लावून उभे राहायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "काय नाय रे, पीक बघतोय." कापलेल्या शेतात काय पीक बघायचं होतं कोण जाणे. गावच्या वैद्यानं वात धरला म्हणून तेल चोळायला दिलं. जख्ख म्हातारा झालेला तो माणूस, सगळ्या गावाचा वातच धरायचा. महाडच्या डॉक्टरांनी मात्र छातीला नळी लावली, दोन प्रश्न विचारले आणि मुंबईला जा म्हणाले. दीर मुंबईहून येऊन आम्हाला घेऊन गेला. मी सोबत गेले, कारण यांना इस्पितळात काय सांगतील ते कळणार नाही अशी मला खात्री होती.

तिथला डॉक्टर तरुण होता आणि घाईत नव्हता. त्यानं कागद माझ्याकडे फिरवला. कोलेस्टेरॉलपुढे तीनशे दहा लिहिलं होतं आणि पुढे कंसात दीडशे ते अडीचशे. "शंभर सीसी रक्तात इतके मिलिग्रॅम," तो म्हणाला. "कंसात असावं लागतं, तुमचं कंसाबाहेर आहे." हे चरबीसारखं काहीतरी असतं, थोडं शरीराला हवंच असतं, शरीर ते स्वतःही बनवतं. पण जास्त झालं की हृदयाला रक्त नेणाऱ्या नळ्यांत आतून थर धरतं. मी विचारलं, किती थर धरलाय? तो म्हणाला, "ते हा कागद सांगत नाही, बाई. थर धरायला माल किती आहे, एवढंच सांगतो. तो माल आपण कमी करू शकतो. आहे तो थर कदाचित तसाच राहील, पण वाढायचा थांबेल." आता त्या एका आकड्याचे चार-पाच आकडे झालेत, चांगलं कोलेस्टेरॉल वेगळं आणि वाईट वेगळं. माझा नातू मोबाइलवर दाखवतो. तेव्हा आमच्या वाट्याला एकच आकडा होता आणि तो पुरेसा होता.

करायचं काय, तेही त्यानं नीट सांगितलं. तूप, साय, चरबीचं मटण, खोबरं बंद. विडी बंद. नाचणीची भाकरी, कुळीथ, डाळी आणि पालेभाजी भरपूर. रोज अर्धा तास सपाटीवर चालायचं, दुखलं की थांबायचं. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या दिल्या, त्या सदैव खिशात हव्यात. तीन महिन्यांनी सकाळी उपाशी पोटी येऊन पुन्हा रक्त द्यायचं. म्हणाला, "हे करणं तुमच्या हातात आहे." खरं म्हणजे ते माझ्या हातात आहे असंच त्याला म्हणायचं असावं, कारण बोलताना तो माझ्याकडे बघत होता.

येताना एसटीत यांनी विड्यांचं बंडल खिडकीतून फेकून दिलं. पुन्हा कधी विडी ओढली नाही. त्यासाठी आईची परवानगी लागत नव्हती.

घरी आल्यावर मी सासूबाईंना सगळं सांगितलं. तुपाचं त्यांनी ऐकून घेतलं. नाचणीचं सांगितल्यावर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्याकडे नाचणी पिकायची, पण ती गड्यांसाठी. घरच्या पुरुषांच्या ताटात तांदूळच.

"माझा लेक काय डोंगरावर गुरं राखतो?" त्या म्हणाल्या. "नाचणी नि कुळीथ. त्या दाक्तराला सांगायचं होतंस, आमच्या घरात खायला हाय म्हणून."

यजमान शेजारी बसून पान चघळत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, ते अंगणाकडे बघत होते.

दोन दिवसांनी सासूबाईंनीच तोडगा काढला. रक्त तपासायला उपाशी पोटी बोलावतात, म्हणजे या दुखण्याला उपास मानवतो, हे त्यांचं अनुमान. पोट हलकं ठेवायचं तर उपासासारखं औषध नाही, आणि देवही पावतो. हे त्यांच्या डोक्यात बसलं आणि मग तिथून ब्रह्मदेवालाही काढता आलं नसतं. सोमवार, गुरुवार, दोन्ही एकादश्या, संकष्टी. आठवड्यातले दोन दिवस पक्के आणि तिसरा बहुतेक वेळा. यजमान लगेच तयार झाले. आईही खूश आणि दुखण्यावर काहीतरी केल्याचं समाधानही.

आता आमच्या घरचा उपास कसा, ते सांगते. उपासाला तेल चालत नसे, म्हणून सगळं तुपात. वरीच्या तांदळाचा भात, त्यावर तुपाची धार. शेंगदाण्याची आमटी, त्यात ओलं खोबरं. तुपात परतलेली रताळी. सकाळ-संध्याकाळ शेंगदाण्याचा लाडू आणि सायीसकट दूध. डॉक्टरनं जे जे बंद करायला सांगितलं होतं ते सगळं देवाच्या नावानं ताटात परत आलं. मी एकदा म्हणून बघितलं, "आई, एवढं तूप डॉक्टरांनी नको सांगितलंय."

"उपासाचं तूप गो ते," त्या म्हणाल्या. "त्याचं काय होतंय?"

आणि एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. एका रविवारी यांना महाडजवळच्या सव गावी, गरम पाण्याच्या कुंडावर घेऊन गेल्या. गरम पाण्यात तूप वितळतं, तशी अंगातली चरबी वितळेल, असा तो विचार. यजमान दोन तास पाण्यात बसून लालबुंद होऊन आले आणि मला म्हणाले, "बरं वाटलं." ऊन पाण्यात बसून कुणाला बरं वाटत नाही?

माझ्यापुढे मग एकच वाट होती, ती लपूनछपून करायची. समोरासमोर भांडायची माझी छाती नव्हती. माझी पहिली दोन मुलं राहिली नव्हती, त्यामुळे त्या घरात माझा आवाज आधीच खाली गेला होता. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते. मी यांना एवढंच म्हटलं, "घरी जेवायचं नाटक करा, पोटभर जेवण शेतात." ते हसले. त्यांना ती लबाडी आवडली असावी.

शेतात आमची एक खोप होती, अवजारं ठेवायची. गड्यांची भाकरी नेते म्हणून मी रोज दुपारी तिकडे जायची. गड्यांच्या भाकऱ्यांत दोन यांच्या. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, मुळ्याचा नाहीतर माठाचा पाला, वालाच्या शेंगा. पहिल्या दिवशी त्यांनी घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आठवड्याभरात म्हणाले, "हे गडी लोक आमच्यापेक्षा बरं जेवतात." घरी संध्याकाळी मी त्यांच्या भातावर तुपाचा चमचा धरायची, हात हलवायची, आणि पडायचे ते चार थेंब. पहिल्या वर्षी ज्याबद्दल बोलणी खाल्ली तीच कला आता कामाला आली. सासूबाईंचं लक्ष जायला नको म्हणून त्यांच्या पानात मी दुप्पट वाढायची. त्यांचं रक्त कुणी कधी तपासलं नाही.

चालण्याची तऱ्हा तर आणखी वेगळी. गावात बिनकामाचं कुणी चालत नाही. पहिल्या दिवशी हे रस्त्यानं निघाले तर वाटेत प्रत्येकानं विचारलं, कुठं निघालात? फिरायला, असं सांगितलं तर माणसं काळजीनं बघायला लागली. तिघांनी घरात बोलावून घट्ट दुधाचा चहा पाजला. दुसऱ्या दिवशी हे म्हणाले, मी नाय जाणार, लोक म्हणतात हा बायकोशी भांडून निघाला. मग मी डोक्यावर रिकामी पाटी घेतली आणि यांच्या हातात कोयता दिला. पाटी डोक्यावर असली की बाई कामाला निघालेली असते आणि कोयता हातात असला की पुरुष. कुणी काही विचारलं नाही. ते पुढे, मी दहा पावलं मागे, असे आम्ही रोज सकाळी नदीच्या कडेनं जाऊन यायचो. येताना लोकांच्या डोळ्यांसाठी पाटीत चार शेणी नाहीतर काटक्या. दुखलं की ते थांबायचे आणि कोयत्यानं उगाच एखादं झुडूप छाटायचे. त्या वाटेवर झुडूप म्हणून उरलं नव्हतं. महिन्याभरानं छाटायची वेळ कमी यायला लागली. लग्न झाल्यापासून आम्ही जेवढं बोललो नव्हतो तेवढं त्या तीन महिन्यांत बोललो, दहा पावलांवरून का होईना.

अडचण होती ती उपासाच्या दिवसांची. त्या दिवशी शेतात भाकरी देता येत नव्हती. वरीचा भात सासूबाई स्वतः करायच्या आणि स्वतः वाढायच्या. पौषातल्या एका सोमवारी हे खोपीवर आले ते छातीला हात लावूनच. गोळी घेतली, भिंतीला टेकून बसले. सकाळीच लाडू आणि दूध झालं होतं. जरा बरं वाटल्यावर माझ्यासमोरचं फडकं बघून म्हणाले, "ती भाकर दे इकडं."

"आज सोमवार आहे."

"सोमवार काय एकट्या आईचाच हाय?" ते म्हणाले आणि भाकरी घेतली.

मी दिली. देवाधर्माचं माझ्याही मनात होतंच, आणि नवरा आजारी असताना त्याचा उपास मोडणारी बाई म्हणजे काय, हे मला शिकवायला कुणी लागत नव्हतं. पण त्यानंतर प्रत्येक सोमवारी आणि प्रत्येक गुरुवारी ते खोपीवर भाकरी खायला लागले. घरी गेले की वरीच्या दोन घासांवर पान सारायचे. "उपासानं भूक मेली बघ," सासूबाई कौतुकानं म्हणायच्या. आम्ही ताकास तूर लागू दिली नाही.

फाल्गुनात दुसऱ्यांदा रक्त द्यायला हे एकटेच मुंबईला गेले. मला सातवा लागत होता, एसटीचा प्रवास नको म्हणाले. चार दिवसांनी कागद घेऊन परत आले ते हसतच. मी कागद उलगडला. दोनशे अठ्ठेचाळीस. कंसातलं अडीचशे, त्याच्या आत. खाली डॉक्टरनं शाईनं एक ओळ लिहिली होती, असंच चालू ठेवा अशा अर्थाची.

सासूबाई उंबऱ्याशी बसल्या होत्या. "उतरलं काय गो?" त्यांनी विचारलं.

"उतरलं," मी म्हटलं. "बासष्टनं उतरलं."

त्यांनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "माझ्या सोमवारांनी उतरवलं," त्या म्हणाल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. मग डोळे पुसून विचारलं, "खाली काय लिवलंय ते?"

"असंच चालू ठेवा, असं लिहिलंय."

"बघ. दाक्तरानंच सांगितलं. आता सोडायचं नाय."

हीच ती वेळ. मी यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. दोघांच्याही तोंडात मिठाची गुळणी. खरं सांगायचं तर सोमवारच्या भाकऱ्या सांगाव्या लागल्या असत्या. सून म्हणून माझी जी अब्रू उरली होती ती गेली असती आणि सातव्या महिन्यात मला घरात वादळ नको होतं. शिवाय मनात एक हलकट विचार होता, तोही लिहून टाकते. म्हातारीला मिळू दे श्रेय, मला माझा माणूस मिळाला ना, मग झालं. स्वतःला मोठं समजायचा हा एक प्रकार असतो. मी गप्प बसले आणि वर माझ्या मनाच्या मोठेपणावर खूशही झाले.

त्या संध्याकाळी कोंबडा कापला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी सोळा सोमवारांचं व्रत बोललं. आकडा पुन्हा वर येऊ नये म्हणून. माय-लेकांनी मिळून करायचं. दिवसभर उपास, संध्याकाळी पूजा, आणि मग कणीक, गूळ आणि तुपाचा चुरमा. चुरम्याचे वाटे करायचे, प्रसाद आहे तो शिळा ठेवायचा नाही. ज्याच्यासाठी व्रत, त्याचा वाटा सगळ्यांत मोठा.

शिमगा झाला आणि मी बाळंतपणाला महाडला गेले. आधीची दोन गेली होती म्हणून यावेळी लवकरच धाडलं. निघायच्या दिवशी मी यांना म्हटलं, "आईंना खरं काय ते सांगा. मी नसताना कसं होणार?"

"तू आलीस की सांगू दोघं," ते म्हणाले. "तोवर मी सांभाळतो."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा, तुमची आई आहे." ते म्हणाले, "तू सांगितलंस तर बरं, तुला कागद वाचता येतो." अशी ती टोलवाटोलवी एसटी येईपर्यंत चालली. एसटी आली आणि मी चढले.

वैशाखात मुलगा झाला, धडधाकट. बाराव्या दिवशी हे महाडला आले. माहेरच्या घराला रस्त्यावरून पाच पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीवर ते थांबले. मी आतल्या खोलीतून, दाराच्या फटीतून बघत होते. हातात कोयता नव्हता, म्हणून नुसतेच उभे राहिले. चेहरा भरला होता, सगळे म्हणाले तब्येत सुधारली. बरोबर चुरम्याचा डबा आणला होता.

मी विचारलं, चालता का? म्हणाले, एकट्यानं कुठं चालायचं, लोक विचारतात. भाकरी? गडीच खातात. "आणि आकडा उतरलाय की," ते म्हणाले. "तू उगाच काळजी करतेस." ताप उतरला की माणूस अंघोळ करून कामाला लागतो, तसं त्यांनी धरलं होतं. आकडा उतरला म्हणजे दुखणं गेलं. डॉक्टरनं सांगितलं होतं तसं त्यांना मी पुन्हा सांगितलं, थर तिथंच आहे, माल आला की वाढणार. त्यांनी मान डोलावली. बाहेर माझ्या आईनं जावयाचं पान वाढलं होतं. भातावर तूप ओतत होती. मी आतून म्हटलं, "आई, पुरे." आईनं ऐकलं नाही. बाराव्या दिवशी आलेल्या जावयाला पुरे कसं म्हणायचं? सासूबाईंना मी जन्मभर मनात दोष दिला, पण मी पाहिलेलं यांचं शेवटचं ताट माझ्याच आईनं वाढलं. बाळाला घेऊन मी उठून बाहेर जाऊ शकले असते. बाळंतिणीनं बाहेर यायचं नसतं, म्हणून गेले नाही.

पेरण्या झाल्या होत्या. तेरावा सोमवार होऊन दोन दिवस झाले होते. सकाळी हे शेतावर गेले, बांध बघायला. परत येताना त्याच चढणीवर बसले ते बसलेच. गोळ्या घरी दुसऱ्या सदऱ्याच्या खिशात होत्या. मला निरोप आला तो दुपारच्या एसटीच्या कंडक्टरकडून. वडिलांनी तो दारात ऐकला आणि मला सांगायला त्यांना बराच वेळ लागला.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. सासूबाई मात्र आठवतात. येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच सांगायच्या. "तीन सोमवार राहिले होते. तीन. देवाला तेवढं थांबवलं नाय." बायका माना हलवायच्या, व्रत पुरं झालं असतं तर वाचला असता म्हणायच्या. हे मी तेरा दिवस ऐकलं. बाळाला पाजत, भिंतीकडे तोंड करून ऐकलं.

चौदाव्या दिवशी पाहुणे पांगले. सासूबाई पडवीत सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्याच्याकडे बघून त्या म्हणाल्या, "राहिलेले तीन सोमवार तू पुरे कर. याच्यासाठी तरी. बापाचं त्याला नको लागायला."

आणि माझं डोकं फिरलं. मी सगळं बोलले. आकडा सोमवारांनी नाही उतरला, नाचणीनं उतरला. खोपीतल्या भाकऱ्या, रिकामी पाटी, चमच्यातले चार थेंब. उपासाच्या तुपानं तुमचा मुलगा मारला, असंही म्हटलं. ते म्हणायला नको होतं पण म्हटलं. सात वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज त्या घरात चढला आणि ऐकायला माणूस उरलं होतं एकच.

त्यांनी सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"मंग तेवा का नाय बोललीस? कागद आला तेवा?"

"सोमवारी भाकरी खाल्ली होती त्यांनी," मी म्हटलं. "मी दिली होती. तुम्हाला कळलं असतं तर..."

"तर काय?"

"तुम्ही रागावला असता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग शोधत होते मी. असता तर बरं झालं असतं.

"रागावले असते," त्या म्हणाल्या. "आठ दिस बोलले नसते तुझ्याशी. पण तो असता ना गो."